मी गोंदियाची, मला कसलं ऊन!

मुलांनो, मे महिन्यात दुपारी दोन वाजता तुम्ही कधी गोंदिया स्टेशनवर उतरला आहात का? नसाल, तर काही घाई नाही. मी सांगते ते ऐका, तेवढ्यानंच तुम्हाला घाम फुटेल.

गाडीचं दार उघडलं की आधी डोळे आपोआप मिटतात. भडभुंज्याच्या भट्टीसमोर उभं राहिल्यासारखी झळ तोंडावर येते. प्लॅटफॉर्मवरच्या लोखंडी बाकाला हात लावायची सोय नसते. बाहेर यावं तर रिक्षावाल्यांनी डोकं, कान, नाक सगळं दुपट्ट्यात असं गुंडाळलेलं की फक्त डोळे दिसतात. नवख्या माणसाला वाटावं, चुकून डाकूंच्या गावात उतरलो की काय! बाजारातल्या दुकानांची शटरं अर्धी खाली ओढलेली, आत कुलरचा घूं घूं आवाज, आणि रस्त्यावर एक कुत्रंसुद्धा नाही. कुत्री सगळी नळाखालच्या ओल्या मातीत पोट टेकून पडलेली असतात.

महाराष्ट्राच्या नकाशात ईशान्येच्या कोपऱ्यावर बोट ठेवा, तो आमचा जिल्हा. उत्तरेला मध्य प्रदेशचं बालाघाट, पूर्वेला छत्तीसगड. पूर्वी आम्ही भंडारा जिल्ह्यात होतो, १ मे १९९९ला वेगळे झालो. (जिल्ह्याचा वाढदिवससुद्धा ऐन उन्हाळ्यात!) भाताची शेती, भातगिरण्या, नागझिऱ्याचं जंगल आणि गावोगावी तलाव, अशी आमची ओळख. समुद्र मात्र दोन्ही बाजूंनी शेकडो मैल दूर. त्यामुळे उन्हाळ्यात जमीन तापत जाते, आणि तिला थंड करायला तिकडचा वारा काही इथपर्यंत पोचत नाही.

हवामान खात्याचा हिशेब असा आहे, की सपाट प्रदेशात दिवसाचं तापमान निदान ४० अंश झालं आणि ते नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असलं, तर ती उष्णतेची लाट. आणि थेट ४५ झालं, तर पुढचा हिशेब करायचं कारणच नाही. आमच्याकडे मे महिन्यात ४२ असलं तर लोक म्हणतात, "आज बरं आहे." बरं का, हे तापमान उन्हातलं नसतं. झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत ठेवलेल्या तापमापकातलं असतं. तुम्ही रस्त्यावर उभे असता तेव्हा डोक्यावर त्याहून पुष्कळ जास्त तापत असतं. म्हणून कुणी "आमच्याकडे काल पंचावन्न होतं" असं सांगितलं की आधी विचारावं, मोजलं कुठे? २०२४च्या मे अखेरीस नागपुरात एका स्वयंचलित यंत्रानं चक्क ५६ अंश दाखवले आणि देशभर बोंबाबोंब झाली. मागाहून हवामान खात्यानं सांगितलं, की यंत्रातच बिघाड होता!

पंचवीस मेच्या सुमाराला सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो. तिथून पुढचे नऊ दिवस म्हणजे आमचा नवतपा. आजी म्हणायची, नवतपा चांगला तापला तर पाऊस चांगला पडतो. ते खरं किती, कोण जाणे. पण त्या आशेवर माणसं ते नऊ दिवस काढतात एवढं मात्र खरं.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या उन्हात अभ्यास कसा होतो? अहो, आमच्या नागपूर विद्यापीठाच्या परीक्षेचं नावच मुळी 'उन्हाळी परीक्षा'! आमच्या शाळा मार्चपासून सकाळच्या होतात, आणि बाकी महाराष्ट्रातल्या शाळा जूनच्या मध्याला उघडल्या तरी विदर्भातल्या शाळांना आणखी आठवडा-दोन आठवडे सुट्टी असते. पण परीक्षेला बसणाऱ्याला कसली आली सुट्टी? कॉलेजात असताना माझे पेपर मे महिन्यातच असत.

आमगावच्या अलीकडे रेल्वेलाइनला लागून आमचं गाव. बाबा रेल्वेत गँगमन होते. घर मातीच्या जाड भिंतींचं, वर कवेलू. उन्हाळ्यात त्या घराचा सारा कारभार आजीच्या हातात असे. पहाटे चार वाजता ती मला उठवायची. "ऊठ वं पोरी, थंडावा चालला!" जणू थंडावा म्हणजे सुटणारी गाडी होती. अंगणातल्या खाटेवरून उठायचं, तोंड धुऊन दिव्याखाली बसायचं. चार ते आठ असा खरा अभ्यास. साडेआठला आजी घरभर फिरून खिडक्या-दारं लावून घ्यायची. पश्चिमेच्या खिडकीवर ओलं पोतं टांगायची. जमिनीवर पाणी शिंपडायची. मग संध्याकाळी सहापर्यंत खिडकी उघडायची नाही म्हणजे नाही. मला फार राग यायचा. भर दिवसा अंधारात काय बसायचं!

न्याहारीला बासी असायची. म्हणजे रात्रीच्या भातात पाणी घालून ठेवलेलं, सकाळी त्यात मीठ आणि सोबत कांदा. छत्तीसगडच्या बाजूला लागून असलेल्या आमच्या गावांतून ही न्याहारी घरोघरी चालते. दुपारी पन्हं. अकरा ते चार पुस्तक मिटून ठेवायचं, कारण त्या वेळात वाचलेलं डोक्यात शिरत नाही, नुसतं डोळ्यांवरून वाहून जातं. बाहेर जायचंच झालं तर कांदा खिशात नि दुपट्टा डोक्याला. खिशातल्या कांद्यानं ऊन लागत नाही याला शास्त्रात काही आधार नाही, दुपट्ट्याला मात्र भरपूर आहे. आजीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग दोन्ही ने."

असे मी चार उन्हाळे परीक्षा देऊन काढले. एकदाही आजारी पडले नाही. आणि त्याचं सगळं श्रेय मी स्वतःला दिलं! इथेच माझी चूक झाली.

२०२१च्या सप्टेंबरात मी एक वर्षाच्या पुढच्या शिक्षणासाठी लंडनला गेले. विषय पाण्याचं नियोजन. आणि तिथे मी प्रबंध कशावर लिहायला घेतला असेल? आमच्याच 'मामा तलावां'वर! मामा तलाव म्हणजे मामाच्या गावचा तलाव नव्हे हं. 'माजी मालगुजारी'चं ते छोटं रूप. दोन-तीनशे वर्षांपूर्वी कोहळी समाजातल्या जाणत्या लोकांनी आमच्या भागात जमिनीचा उतार बघून मातीचे बांध घातले आणि पावसाचं पाणी अडवलं. पुढे हे तलाव गावच्या मालगुजारांकडे आले. १९५०च्या कायद्यानं मालगुजारी गेली नि तलाव सरकारजमा झाले, पण नावातली आठवण राहिली. लंडनच्या ग्रंथालयात बसून मी नवेगावबांधची माहिती वाचत होते, याचं माझं मलाच हसू यायचं.

घराच्या अगदी वरच्या मजल्यावर, उतरत्या छपराखाली माझी खोली होती. थंडीत मोठी उबदार. जूनमध्ये एकदा पारा २७ वर गेला, तर खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई वर्तमानपत्रानं वारा घेत म्हणाल्या, "फारच उकडतंय, नाही?" मी नुकताच स्वेटर कपाटात ठेवला होता! मी त्यांना हसून सांगितलं, आमच्याकडे एवढ्यात तर आम्ही रात्री पांघरूण घेतो.

मग जुलै आला. तिथल्या हवामान खात्यानं १८ आणि १९ जुलै २०२२साठी लाल इशारा दिला. उष्णतेसाठी असा इशारा देण्याची त्यांची ती पहिलीच वेळ. टीव्हीवर दिवसभर तेच. गरज नसेल तर प्रवास करू नका, म्हाताऱ्या शेजाऱ्यांची चौकशी करा, पाणी पीत राहा. आगगाड्या हळू चालवणार म्हणे. मी बाबांना फोन केला. त्यांना रेल्वेच्या बातमीत फार रस. ते म्हणाले, "रूळ किती अंशाला बसवतात विचार." मी शोधलं, तर तिकडे रूळ २७ अंशाच्या हिशेबानं ताणून बसवतात. तेवढ्या तापमानाला त्यात ना ताण, ना दाब. लोखंड हवेपेक्षा वीस-वीस अंशांनी जास्त तापतं. मग ते लांबतं, आणि लांबायला जागा नसली की सापासारखं वाकडं होतं. बाबा हसले. "सत्तावीस? आपला रूळ तर पहाटेच त्याच्या पुढे जातो!" आपल्याकडे रूळ जास्त तापमान धरून बसवतात आणि तरीही मे महिन्यात भर दुपारी गँगमन रुळावरून गस्त घालत चालतात. बाबांनी ती गस्त कितीतरी वर्षं घातली आहे.

झालं! गँगमनची मुलगी, त्यात गोंदियाची. भेटेल त्याला मी सांगत सुटले, "चाळीस अंश? मी गोंदियाची, मला कसलं ऊन!"

१९ जुलैला लिंकनशायरमधल्या कोनिंग्जबीला ४०.३ अंश तापमान नोंदलं गेलं. ब्रिटनमध्ये पारा ४०च्या वर जायची ही पहिलीच खेप. लंडननंही त्या दिवशी चाळिशी ओलांडली. शहराच्या पूर्व टोकाला वेनिंग्टन नावाच्या गावात वाळलेल्या गवताला आग लागून घरं जळाली. लंडनच्या अग्निशामक दलाला दुसऱ्या महायुद्धानंतर एवढी धावपळ कधी करावी लागली नव्हती, असं सगळ्या वर्तमानपत्रांत छापून आलं.

आणि मी काय करत होते? मी सकाळी दहाला उठले. आदल्या रात्री झोप लागली नव्हती, म्हणून. खिडकी वितभरच उघडायची, ती पूर्ण वितभर उघडली. पडदा बाजूला सारला, उजेड हवा ना! कॉफी केली आणि तलावांच्या नकाशांवर काम करत बसले. छोटा टेबलफॅन होता, तो तोंडावर लावला. बारा वाजले, दोन वाजले. चारच्या सुमाराला माझ्या लक्षात आलं, की मी एकच ओळ पाचव्यांदा वाचते आहे. डोकं ठणकत होतं. पाणी प्यायला उठले तर खोली गरगरली, उलटी झाली आणि मी तिथेच जमिनीवर बसले.

खालच्या खोलीत स्पेनमधल्या सेव्हिलची एक मुलगी राहायची. आवाज ऐकून ती धावत आली. तिनं माझ्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, आणि कपाळावर हात मारून घेतला. मला धरून तिनं तळमजल्यावर नेलं, पाय थंड पाण्यात ठेवायला लावले, मानेवर ओला टॉवेल टाकला, नि पाण्यात मीठ-साखर घालून घोट-घोट पाजलं. मग वर जाऊन खिडकी लावली, पडदा ओढला, काचेवर चादर टांगली. सेव्हिलमध्येही पारा चाळिशी सहज ओलांडतो. तिथे घराघराच्या खिडक्यांना बाहेरून खाली ओढायच्या झडपा असतात. ती म्हणाली, "आमची आजी सकाळीच सगळं बंद करून टाकते. तुमच्याकडे करत नाहीत?"

काय उत्तर देणार? संध्याकाळी घरी फोन केला. आई घाबरली, बाबा गप्प झाले. आजीनं फोन हातात घेतला आणि पहिला प्रश्न विचारला, "खिडकी किती वाजता लावली होतीस वं?"

मुलांनो, या प्रकारानंतर मी जरा वाचलं, आणि मग माझं मलाच कोडं सुटत गेलं.

आपलं शरीर थंड राहतं ते घामानं. एक ग्रॅम पाणी शून्यापासून शंभर अंशांपर्यंत तापवायला शंभर कॅलरी उष्णता लागते. पण तेच एक ग्रॅम पाणी घाम होऊन अंगावरून उडून जाताना आपल्या अंगातली जवळजवळ ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातं! माठातलं पाणी गार होतं तेही असंच, आणि कुलरही याच युक्तीवर चालतो. गोंदियाची मे महिन्यातली हवा कोरडी ठणठणीत असते, म्हणून तिथे घामही झपाट्यानं उडतो आणि कुलरही झकास चालतो. जूनमध्ये ढग जमले, हवा दमट झाली, की तोच कुलर निरुपयोगी. मात्र घाम यायला पोटात पाणी हवं, आणि मी दिवसभरात घेतली होती ती दोन कप कॉफी.

दुसरं म्हणजे सवय. उन्हाची सवय शरीराला लागते, हे खरं आहे. आठ-पंधरा दिवस हळूहळू उन्हात वावरलं की घाम लवकर येऊ लागतो, त्यातून मीठ कमी जातं. पण ही सवय काही आठवड्यांत मोडते. मी दहा महिने थंडीत काढले होते. माझं नाव-गाव गोंदियाचं असेल, कातडी तोवर लंडनची झाली होती!

तिसरं, दिवसाची लांबी. आमच्याकडे मे अखेरीस दिवस सव्वातेरा तासांचा. लंडनला जुलैत सूर्य पहाटे पाचला उगवतो नि रात्री नऊला मावळतो. सोळा तास! घरं बांधलेली थंडीसाठी. ऊब आत धरून ठेवायची, बाहेर सोडायची नाही, हेच त्या भिंतींचं काम. पंखे नाहीत, ओसरी नाही, अंगणात खाट टाकायची पद्धत नाही. थंडीत उपकार करणारी माझी खोली उन्हाळ्यात भट्टी झाली, यात तिचा काय दोष?

त्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये उष्णतेच्या पाच लाटा आल्या आणि त्या दिवसांत नेहमीपेक्षा सुमारे तीन हजार माणसं जास्त दगावली, असं तिथल्या सरकारी आरोग्य खात्यानं पुढे सांगितलं. त्यात बहुतेक वयस्कर होती. मी आमच्या घरमालकीणबाईंना "एवढ्यात काय होतं" म्हणून हसले होते, त्याची मला फार लाज वाटली. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेले आणि त्यांच्याही काचांवर चादरी टांगून आले.

प्रबंधाचं पुढे काय झालं? मी वेळापत्रक बदललं. पहाटे चारला गजर. आठपर्यंत लिहायचं, मग खिडकी बंद. पहाटे लंडनच्या गल्लीतून एक कोल्हा रोज फिरायचा, त्याचीही बहुधा हीच वेळ होती. सप्टेंबरात प्रबंध देऊन टाकला आणि महिनाभरात घरी परतले.

२०२४च्या मे महिन्यात बऱ्याच दिवसांनी उन्हाळ्यात गावी गेले, आणि गाव नव्यानं बघितलं. तेव्हा एक गोष्ट डोळ्यांत भरली. कवेलू नाहीसे होत चालले आहेत. आधी मला वाटलं, फॅशन. पण तसं नाही. माकडं उड्या मारून कवेलू फोडतात, दर पावसाळ्याआधी घर शाकारून घ्यावं लागतं, आणि ते काम जाणणारी माणसं कमी झाली. पत्रा एकदा ठोकला की वर्षानुवर्षं बघायला नको. गळत नाही, माकडालाही दाद देत नाही. पावसाळ्यापुरता हिशेब अगदी बरोबर आहे. फक्त मे महिना त्या हिशेबात धरलेला नसतो.

त्याच सुट्टीत मी नवेगावबांधचा तलाव पाहायला गेले. ज्यावर सातासमुद्रापार बसून लिहिलं, तो एकदा काठावर बसून बघावा म्हणून. तिथून पुढे इटियाडोह धरणाच्या वाटेवर गोठणगाव लागतं. झाडीतून एकदम रंगीत पताका दिसल्या, बौद्ध मठ दिसला. ही तिबेटी लोकांची वसाहत. १९५९मध्ये दलाई लामा भारतात आले, त्यांच्यामागून हजारो तिबेटी आले. त्यांतल्या काही कुटुंबांना १९७२मध्ये इथे जमीन मिळाली. हिवाळ्यात तुमच्या शहरात स्वेटर विकायला येणारे तिबेटी तुम्ही पाहिले असतील. तशी कितीतरी माणसं या वसाहतीतली आहेत. हिवाळ्यात स्वेटर विकायचे आणि पावसाळ्यात भात लावायचा.

कल्पना करा, जिथे वर्षातले कितीतरी महिने बर्फ, त्या जगाच्या छपरावरून उतरून माणसं थेट आमच्या नवतप्यात! एक वयस्कर तिबेटी आजी दारात आंब्याच्या सावलीला माळ ओढत बसल्या होत्या. मी हिंदीत विचारलं, पहिला उन्हाळा कसा काढलात? त्या खूप वेळ हसल्या. मग म्हणाल्या, "इसी तरह, पेड़ के नीचे. गाँववालों को देख-देखकर." आणि माझ्या उघड्या डोक्याकडे बोट दाखवून विचारलं, "तुम्हारा दुपट्टा कहाँ है?"

दुपट्टा गाडीत राहिला होता!

घरी परतले तर शेजारची मुलगी आमच्याकडे आलेली. जूनमध्ये दहावीत जाणार होती. तिच्या घरी तेंदूपत्त्याचं काम चालतं. मे महिन्यात ती आईबरोबर पहाटेच जंगलात जाते. पानं तोडून आणायची, घरी बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे, ते संध्याकाळच्या आत संकलन केंद्रावर पोचवायचे. या दिवसांत मिळालेल्या पैशांत वह्या-पुस्तकंच काय, घरचं बरंच काही भागतं. म्हणजे माझ्या आजीनं मला अभ्यासासाठी जी पहाट दिली, ती हिच्याकडे नव्हतीच. हिच्या वाट्याला येणार दुपार, आणि ती दुपार पत्र्याच्या खोलीत.

ती म्हणाली, "ताई, दुपारी वाचते पण काही डोक्यात राहत नाही. माझं डोकंच कमी आहे वाटतं."

मी तिला लंडनची ती पाच वेळा वाचलेली ओळ सांगितली. मग बाबा, मी आणि ती असे तिघं कामाला लागलो. आधी विचार होता पत्र्यावर तणस पसरायचा. पुष्कळ लोक पसरतात. पण बाबा म्हणाले, वाळलेलं तणस आणि उन्हाळ्यातली ठिणगी, नको. म्हणून चुना आणला. संध्याकाळी ऊन उतरल्यावर बाबा शिडीवर चढले आणि दोन हात पांढरा चुना पत्र्यावर मारला. काळ्या रंगानं उष्णता ओढून घेतली जाते नि पांढऱ्यानं परतवली जाते, हे तुम्ही विज्ञानात शिकला असालच. अहमदाबादेत गरीब वस्त्यांमधली हजारो छपरं अशीच पांढरी केली आहेत. मग पश्चिमेच्या खिडकीवर आजीनं स्वतः पोतं टांगलं. आणि अकरा ते चार मात्र वह्या घेऊन आमच्या मातीच्या खोलीत यायचं, असं ठरलं.

तुम्हालाही करून बघता येईल. भिंतीवर टांगायचे दोन साधे तापमापक घ्या. एक घरातल्या सगळ्यात वरच्या खोलीत, एक तळमजल्यावर. सकाळी सहा, दुपारी तीन, रात्री दहा, असं आठवडाभर लिहून ठेवा. एक दिवस खिडक्या उघड्या, एक दिवस आजीच्या पद्धतीनं बंद. आणि उन्हातून आल्यावर कुणाचं डोकं दुखू लागलं, मळमळलं, तर सावलीत नेऊन अंग ओलं करायचं, वारा घालायचा, नि लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून थोडं थोडं द्यायचं. चमचे चहाचे हं. माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग भाजल्यासारखं तापलं किंवा शुद्ध हरपली, तर तोंडात काही घालायचं नाही. अंगावर पाणी ओतत राहायचं आणि १०८ला फोन लावायचा.

आठवड्यानं मी तिला विचारलं, "काय ग, आता जमतो का दुपारी अभ्यास?"

ती ओशाळून हसली. "नाही ना, ताई. आता वेगळीच भानगड झाली. तुमच्या खोलीत इतकं गार वाटतं, की पुस्तक उघडलं रे उघडलं की झोपच लागते!"

आजी कोपऱ्यातून म्हणाली, "झोपू दे. चारला उठवते मी तिला."